सोनालीचा टाक

बस गं, चहा घेऊन जा. मघाशी नळावर वर्षाचा आवाज ऐकलास ना? अख्ख्या पांडेसरा वस्तीला ऐकू गेला असेल. हाच आवाज जाणार होता तिचा. काय झालं ते सांगते, पण मधे बोलू नकोस.

सोनाली माझी पाठची बहीण, लखनची पहिली बायको. उधन्याच्या कापड कारखान्यात मागावर कामाला जायची. मागाच्या पट्ट्यात उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून तुटलं, तरी रडली नाही. प्लेगच्या वर्षी सगळी सुरत पळत सुटली, तेव्हा लखनचा निरोप आला, सोनालीच्या गळ्याला गाठ आली आणि ती गेली. मी अमळनेरहून रिकाम्या गाडीनं उलटी सुरतेला आले. स्मशानात तिच्या गळ्याला फडकं गुंडाळलेलं होतं, ते मी सरकवलं. गाठबीठ काही नव्हती. बोटांचे वळ होते, निळे. मी बोंबलले, पण त्या दिवसांत कान कोणाला होते? तोंडाला रुमाल बांधून सगळ्यांना जाळायची घाई.

वर्ष सरायच्या आत मेल्या लखननं वर्षाला बायको करून आणलं. आमच्यात रीत आहे, दुसरीनं पहिलीच्या नावाचा टाक, तिची प्रतिमा उठवलेला चांदीचा पत्रा, गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेली शांत राहते. आणि दुसरी ही पहिलीच्या माहेरची लेक होते. लखनचं तोंड मी बघत नव्हते, पण वर्षाला लेक मानलं. तिचा काय दोष?

तर वर्षाच्या गळ्याला गाठ आली. बरोबर टाकाखाली. दवाखान्यात सुई टोचून आतलं तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, काही सांगता येत नाही, वाईट असेल, नसेलही. पुन्हा टोचली, पुन्हा तेच. ऑपरेशनवाले म्हणाले, कापून काढू, पण आवाज जाऊ शकतो. मोठे डॉक्टर म्हणाले, थांबा, आधी नव्या रंगीत सोनोग्राफीवर गाठीचे काठ आणि आतलं रक्त बघू. साधी निघाली तर कापायला नको.

मला सोनालीचाच राग आला. देवापुढे बसून तिला म्हटलं, बाई, वैर ज्याच्याशी आहे त्याला धर, या लेकराला सोड.

कतारगामच्या सोनोग्राफीवाल्याकडे गेलो, मी, वर्षा आणि लखन, तेव्हा भर दुपार होती. आतली खोली मात्र काळोखी, गार, फिनेलच्या वासाची. वर्षाला झोपवलं, मान मागे केली, गळ्याला थंडगार जेली लावली. पडद्यावर गाठ दिसली, काठ कुरतडल्यासारखे. डॉक्टरांनी बटण दाबलं तसा आतल्या रक्ताचा आवाज खोलीभर झाला... धस्स... धस्स... आणि मला मागाच्या तेलाचा वास आला. सोनाली कामावरून यायची तेव्हा तिच्या लुगड्याला यायचा, तोच.

डॉक्टर म्हणाले, हे चांदीचं मधे येतंय, काढा.

"ते काढानं नही," लखन कोपऱ्यातून म्हणाला.

डॉक्टर चिडले. वर्षानं टाक काढून लखनपुढे धरला. टाक जमिनीवर ठेवत नाहीत, चामड्याला लावत नाहीत म्हणून पाकिटातही नाही, आणि खिसा त्याच्या विड्यांनी बाटलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले ते घेतलेच. शेवटी डॉक्टर ओरडले तेव्हा त्यानं तो स्वतःच्या गळ्यात अडकवला.

डॉक्टरांनी यंत्र पुन्हा टेकवलं. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, दाबून बघितलं.

"अहीं तो कशुं नथी..." ते पुटपुटले. इथे तर काहीच नाही.

"ताई," वर्षा हळूच म्हणाली, "माले मोकळं वाटस."

डॉक्टरांनी यंत्र उचलून बाजूला ठेवलं. पण आवाज चालूच होता... धस्स... धस्स... कोपऱ्यातून. लखन उभा होता तिथून.

दिवा लावला. तो टाकाचा दोरा ओढत होता. दोरा सैल, छातीवर लोंबणारा, पण हात लावला की त्याचा श्वास अडायचा. सोडला की यायचा. मला बरं वाटलं गं, खोटं कशाला बोलू?

मग त्याच यंत्राखाली त्यालाही निजवलं. त्याच्या गळ्यात एक गाठ नव्हती. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला तीन, ओळीनं. त्या तिघींत पहिलीनंतर एक जागा मोकळी. डॉक्टर म्हणाले, असं कधी बघितलं नाही. मी पदराखाली उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून बघितलं. त्याच्या सुईचा रिपोर्टही तसाच येतो, सांगता येत नाही. कापायला कोणी धजत नाही, आणि टाक अजून त्याच्याच गळ्यात आहे.

परवा पुन्हा बघितलं. दोन्ही बाजूंच्या गाठी जागा सोडून आत सरकल्यात म्हणे... एकमेकींकडे.