वाया गेलेल्या काचा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. पण घडलंय ते खरं आहे. माझ्याच घरात, सोलापुरात, होटगी रोडला. आणि रात्री नाही... भर दुपारी दोन वाजता, गेल्या मे महिन्यात.

माझी भाची सिद्धेश्वरी मैंदर्गीहून पीएचडीसाठी माझ्याकडे राहायला आलेली. उन्हावर वीज करणाऱ्या काचांना कुठला लेप द्यावा, हे ती कॉम्प्युटरला शिकवायची. तो नवी कृती सुचवायचा, ती लॅबमध्ये तशी काच बनवायची आणि आमच्या गच्चीवर उन्हात ठेवून दर तासाला वीज मोजायची.

मी नववी नापास. टायपिंग मोबाईलवर बघून शिकले. तिच्या वहीतले आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम माझं.

“आत्या, वाया गेलेल्या काचा पण भर हं. चुका दाखवल्या नाहीत तर तो परत त्याच करायला लावतोय.”

“व्हय गं बाई, भरते की.”

नाही भरल्या.

एकेचाळीस काचांपुढे तिनं ‘वाया’ लिहिलं होतं. फाईल तिच्या पीएचडीच्या सरांना जाणार, पोरीची शोभा कशाला... असं वाटलं. माया म्हणा. लोकांसमोर मीही मायाच म्हणते.

मे महिन्यात कॉम्प्युटरनं एक कृती सुचवली. सिद्धू आनंदानं ओरडली. मग थबकली.

“आत्या, ही मी आधी केल्यासारखी वाटतीय गं.”

मी भाकरी थापत होते.

थापतच राहिले.

तरी तिनं तशी काच बनवून आणली, आणि चार दिवस दुपारभर त्या काचेपाशी गच्चीवर बसली. चौथ्या दिवशी दोन वाजता मी ताक घेऊन वर गेले... ती टाकीला टेकून बसलेली. अंगाला हात लावला तर चटका बसला.

उष्माघात, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळ काही तिनं बघितली नाही.

पंधरा दिवसांनी, दुपारी दोनला, जिन्यावर चपला वाजल्या.

चट्... चट्... वर गेल्या.

मी धावत गेले. गच्चीवर कुणी नाही.

तेव्हापासून रोज वर जातात. उतरताना कधीच ऐकू येत नाहीत.

शेवटी कॉम्प्युटर उघडला. म्हटलं, त्या एकेचाळीस ओळी आता तरी भराव्यात.

पहिली ओळ... भरलेली होती.

घरात मी एकटी. दुसऱ्या दिवशी दुसरी. मग रोज एक. आकडा न् आकडा वहीतला, आणि वही माझ्या कपाटात, कुलपात.

एकेचाळिसावी आली तेव्हा मी हात जोडले. “झालं की गं सगळं. आता तरी खाली ये. ताक पी.”

दुसऱ्या दिवशी बेचाळिसावी ओळ आली.

वहीत बेचाळिसावी नाहीच.

जागा... गच्ची.

वेळ... दुपारी दोन.

निकाल... वाया.

बोट खोडायच्या बटणावर गेलं होतं. खोडलं नाही. एकदा गाळल्या तेवढ्या पुरे.

फाईल सगळ्या ओळींसकट सरांना पाठवली. त्यांचा फोन आला, “ताई, ही शेवटची ओळ कसली?”

“असू द्या,” मी म्हटलं. “ती पण भरायची असते.”

आत्ता पावणेदोन झालेत. ताक काढून ठेवलंय. जिन्याचं दार उघडंच आहे...