पाहुणीची तहान

माझ्या लेकीला, लेमलेमला मागणी घालायला मुलाकडचे आले त्या दिवशी माझा नवसाचा उपास होता, म्हणून कोंबडीचा रस्सा मी चाखून पाहिला नाही. तिखट घातलंय की घालायचंय, तेच आठवेना. मरियमचं नाव घेतलं आणि घातलं.

पहिल्याच घासाला मुलाचे काका अत्सबेहा गप्प झाले. त्यांना गप्प झालेलं आमच्या अक्सूम गावात कुणी पाहिलं नव्हतं. घरातलं पाणी बघता बघता संपलं. लेमलेम दाराआडून माझ्याकडे अशी पाहत होती, की मी मान खाली घातली. मुलगा तिला मनापासून आवडला होता.

त्यांच्यातली एक म्हातारी मात्र शांतपणे जेवत होती. पांढरी शाल, कपाळावर घाम. उरलेला शेवटचा पेला मी तिच्यापुढे केला. तिने तो हलकेच दूर सारला.

बोलता यायला लागल्यावर काकांनी अट सांगितली. सुनेने शपथ घ्यायची : सासूला विचारल्याशिवाय घरातल्या कशालाही हात लावायचा नाही. आमच्याकडची रीतच आहे, असं ते नाक पुसत म्हणाले. लेमलेमचा चेहरा उतरला.

"मीही घेतली होती अशी शपथ," म्हातारी म्हणाली. "एका राजाच्या घरी. तिखट त्याने वाढलं, शपथ त्याने घातली, रात्री माझ्या उशाशी पाणीही त्यानेच ठेवलं. आणि वर चोर मी."

सगळे पोट धरून हसले. हजारो वर्षांपूर्वी शलमोन राजाने आमच्या माकेदा राणीला असंच तिखट वाढून, पाण्याच्या घोटावरून कसं फसवलं, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. म्हातारीने ते स्वतःवर घेऊन सांगितलं, त्याचीच मजा वाटली.

"मग प्यायलात की नाही पाणी, आजी?" काकांनी विचारलं.

"प्यायले. म्हणून तर आता कुणाच्या घरचं पीत नाही." मग त्यांच्याकडे नीट बघत म्हणाली, "तू शहाणा दिसतोस. तोही होता."

पुन्हा हशा व्हायच्या आत काकांनी अट मागे घेतली. लग्न ठरलं.

मंडळी निघताना मी म्हटलं, तुमच्या आजींना जपून न्या.

"आमच्या?" काका म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुमच्या."

म्हातारीची जागा रिकामी होती. पेला तसाच भरलेला.

संध्याकाळी घागर घेऊन माकेदा राणीच्या नावाच्या तळ्यावर गेले. पाणी सकाळपेक्षा खूप खाली गेलं होतं. उघड्या पडलेल्या पायऱ्या अजून ओल्या होत्या. तिथेच क्रुसाची खूण केली आणि ओंजळभर पाण्याने उपास सोडला.

माझा रस्सा किती तिखट झाला होता, ते मला तेव्हा कळलं.