लेन्सपुढची काच

पेणचा फोटोग्राफर गावी गेला होता, म्हणून धाटावच्या कंपनीतून पेणला घरी जाताना मी रोह्यात उतरले. बाजारातल्या छोट्या स्टुडिओत तिथला फोटोग्राफर निलेश एकटाच होता.

“पासपोर्ट?” त्यानं विचारलं.

“नाही… स्थळाला पाठवायचाय. ठाण्याला.”

“मुलगा करतो काय?”

“मला माहीत नाही. त्यालाही माझं काही माहीत नाही. म्हणून तर फोटो!”

कॅमेऱ्यामागून त्यानं डोकं वर काढलं… आणि बटण दाबायचं विसरला.

बुधवारी फोटो हातात आला. गळ्याशी एक चौकोनी पांढरा डाग.

“हे काय गो, ताईत?” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी परत रोह्यात.

“लेन्सवर काय बसवलंय?”

“यूव्ही फिल्टर. संरक्षणाला.”

“तो काढा.”

“नाय हो! लेन्स एकच हाय माझी. इथली धूळ, त्यात कंपन्यांची हवा. ओरखडा पडला तर स्टुडिओ बंद. घेतल्यापासून काढला नाय तो.”

मी फोटोवर पट्टी ठेवली. “खिडकी उजवीकडे वर, डाग डावीकडे खाली. मध्यापासून दोन्ही बावीस मिलिमीटर. आतून परतणारा उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत जातोय.”

“बाप रे! असता कुठं तुम्ही?”

“प्रयोगशाळेत.”

“मग खिडकीच लावून घेतो ना.”

“केसांवरचा उजेड जाईल.”

“तो…” त्याचा आवाज हळू झाला, “तो मी मुद्दाम घेतला होता.”

मग धूळ नको म्हणून त्यानं पंखा बंद केला, दार लोटलं. फिल्टर घट्ट बसला होता. कॅमेरा मी धरला, त्यानं कडं फिरवलं. त्याची बोटं गार होती, घाबरलेली.

“बाहेर धुळीत लावा,” मी म्हटलं. “इथं आत नको.”

“व्हय, मॅडम.” कॅमेऱ्यामागे जाऊन त्यानं नवा फोटो काढला.

शनिवारी फोटो पाहिला. डाग नव्हता. केसन् केस स्पष्ट. आणि माझे डोळे… इतक्या आनंदानं मी कुणाकडे पाहते, हे मलाच ठाऊक नव्हतं.

“छान आलाय,” पाकीट पुढे करत तो म्हणाला. नजर मात्र काउंटरवर. “ठाण्याला जाईल ना आता?”

“नाही जाणार.”

“का? पुन्हा काही चुकलं?”

“ठाण्याचा मुलगा तेव्हा समोर नव्हता. त्याला हा फोटो पाठवणं खोटं होईल.”

“मग… कुठं द्यायचा?”

मी पाकीट त्याच्याकडे सरकवलं.

“तुमच्या आईंना दाखवा.”