नर्मदेच्या चुलीतली राख

बांद्याच्या बाजारात एसटीतून उतरलं की आधी नाकाला काजू लागतो, मग डोळ्यांना गाव दिसतं. वाफवलेल्या बियांचा तो कडवट वास शाळेच्या दप्तरांना असतो, देवळातल्या फुलांना असतो, नव्या नवरीच्या शालूलाही चार दिवसांत चिकटतो. इथल्या बाईचं तोंड बघू नये, बोटं बघावीत. टरफलातल्या तेलाने काळी झालेली असली की समजावं, ही घर चालवते.

सत्यवती सव्वीस वर्षं कारखान्यात बी फोडत होती. आपल्याहून बरी फोडणारी तिने एकच मान्य केली होती, शेजारच्या पाटावरची नर्मदा. तेही नर्मदा मेल्यावर.

नर्मदा डावखुरी, डाव्या अंगठ्यावर विळीचा जुना आडवा काप. पायाने दांडा दाबून बी चिरायची आणि सुईने गर उकलायचा, एवढंच तर काम. पण नर्मदेच्या डाव्या हातातून गर अख्खा यायचा, दाईच्या हातात मूल यावं तसा. सत्यवतीच्या हातून अलीकडे गर दुभंगून पाकळ्या व्हायला लागल्या होत्या. चष्म्याला दोष देऊन झाला, बियांनाही देऊन झाला.

नर्मदा गेली त्याच आठवड्यात कारखान्यात मोठं यंत्र आलं. सुपरवायझर रॉयडन, कालपरवापर्यंत सत्यवतीच्या पदराला नाक पुसणारा, मान खाली घालून म्हणाला, "मावशे, हातान फोडूक आता चारच बायका ठेवतले. शनवारी बघतले, कोणाचो गर अख्खो येता तो."

"आणि माझो नाय इलो तर?"

"मगे झिलाकडे जा. पर्वरीक. बिल्डिंगीक लिफ्ट आसा म्हणतत."

"लिफ्टीत बसान काय करू? वर-खाली?"

बायका हसल्या. सत्यवती हसली नाही. पर्वरीतल्या मुलाच्या घराचा तो तिसरा मजला तिला ठाऊक होता. सुनेच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचं आणि विचारून पाणी प्यायचं. इथे पाटावर बसली की सुपरवायझरसुद्धा तिला वळसा घालून जायचा.

कामाआधी हाताला राख चोळायची, म्हणजे तेल कातडी खात नाही. सुतकातल्या घरची राख मात्र घ्यायची नाही, हा बायकांचा जुना कायदा. पण आता घरोघरी गॅस. सत्यवतीची चूल मुलाने मोडून वर टाइल्स घातल्या होत्या. आजवर राख नर्मदा द्यायची, न मागता. दुसरीपुढे हात पसरणं सत्यवतीच्या रक्तात नव्हतं.

म्हणून नर्मदा गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी ती मागच्या दाराने नर्मदेच्या घरात शिरली. शेवटच्या आंघोळीचं पाणी त्याच चुलीवर तापलं होतं. तिने डबा भरून घेतला.

"रागावू नको गो," ती पुटपुटली. "तुका आता कित्या व्हयी?"

त्या दिवशी एकही पाकळी झाली नाही. दुपारी ढिगाकडे बघताना तिच्या लक्षात आलं, सुई डाव्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने चहा ढवळला. साखर दोन चमचे घातली. सत्यवती बिनसाखरेचा पीत असे.

शुक्रवारी संध्याकाळी नर्मदेची मुलगी आकांक्षा तिच्या पडवीत येऊन बसली. सत्यवतीला कोणाच्या पाठीवरून हात फिरवायची सवय नव्हती. रडणाऱ्याला ती कामाला लावायची. पण डावा हात उठला, पोरीच्या केसांत गेला, पेड घालू लागला.

"काकी," आकांक्षा म्हणाली, "ही उलट्या पेडाची वेणी तुका खंय येता? माका फक्त आवसच घाली अशी."

सत्यवतीला वेणी कधी धड जमली नव्हती. तिने हात ओढून घ्यायचं ठरवलं. मग पोरीचं डोकं तिच्या गुडघ्यावर टेकलं, आणि तिने हात तिथेच राहू दिला.

शनिवारी तिने साबण लावून तीनदा हात धुतले. राख घेतली नाही. जिंकायचं तर स्वतःच्या हाताने, नाहीतर पर्वरी. पाटावर बसून तिने सुई उजव्या हातात घट्ट धरली.

पहिली बी. पाकळी.

दुसरी. पाकळी.

तिसरी उचलताना उजव्या हातातली सुई डाव्या हाताने काढून घेतली. हळूच, मुलाच्या हातातून विळा काढून घ्यावा तशी.

मग ढीग वाढत गेला. अख्खा, पांढरा.

"मावशे, तू पयली!" रॉयडनने कागद पुढे केला. "तुझो पाट तुझोच. हंय सय कर."

सही सत्यवती प्रौढांच्या वर्गात शिकली होती. सत्यवतीतल्या चारही अक्षरांचा तिला केवढा दिमाख. तिने पेन उजव्या हातात घेतलं, टोक कागदाला टेकवलं. पहिलं अक्षर कुठून सुरू होतं ते आठवेना.

डावा हात शाईच्या डबीकडे गेला.

"अंगठो कित्या? तुका सय येता मां?"

तिने डावा अंगठा शाईत टेकवून कागदावर दाबला. रॉयडनने खांदे उडवले आणि कागद वाळायला ठेवला.

ठसा स्वच्छ उठला होता. मधोमध विळीच्या जुन्या कापाची आडवी रेघ होती.

सत्यवतीने अंगठा पदराने पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरला. त्याच्यावर काप नव्हता.