लिटल हॅम्बरीची खरी हकीकत

लिटल हॅम्बरीच्या चर्चचा मनोरा बुटका का राहिला, हे सायरा मुकादमला तोंडपाठ होतं. मेंढ्यांच्या लोकरीवर श्रीमंत झालेलं ते इवलंसं इंग्रजी गाव. लोकरीचा भाव पडला, पैसा आटला, गवंडी निघून गेले आणि मनोरा अर्ध्यावरच राहिला... म्हणूनच पाठीमागे कुणीतरी एका कुटुंबाला हिंदीत भलतंच सांगतंय, हे ऐकून ती गर्रकन वळली.

"गवंड्याचं जमीनदाराच्या मुलीवर मन जडलं," तो उंच तरुण सांगत होता. "एका रात्री दोघं पळून गेले. आता मनोरा बांधणार कोण?"

कुटुंबातल्या बायका हळहळल्या. सायराला काही ते सोसेना.

"एक्स्क्यूज मी, हे साफ चुकीचं आहे. मनोरा लोकरीमुळे अर्धा राहिला."

त्याने तिच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि सरळ मराठीत आला. "मुकादम? कुठले मुकादम तुम्ही?"

"ते सोडा. खोटी हिस्ट्री का सांगताय?"

"लोकरीसाठी कोण थांबतं हो? प्रेमाचं म्हटलं की बघा, सगळे थांबले."

दोन हजार एकच्या मार्चमधली ही गोष्ट. दुबईच्या खाडीकाठी मोठी जत्रा भरली होती आणि एका पर्यटन कंपनीने तिथे अख्खं इंग्रजी गाव उभं केलं होतं. प्लायवूडचं चर्च, गवती छपराच्या झोपड्या, बदकांचं तळं, लाल पोस्टाची पेटी. खऱ्या लिटल हॅम्बरीत जन्मलेल्या, दुबईत शिकवता शिकवता म्हाताऱ्या झालेल्या मिसेस पामर या सगळ्याच्या प्रमुख होत्या. नुकतीच बी.कॉम. झालेली, दुबईतल्याच देरा भागात वाढलेली सायरा त्यांच्या हाताखाली गाइड होती. आणि हा तरुण म्हणजे कोकणातल्या हर्णैचा लियाकत परकार. अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या ज्या वर्कशॉपने हे गाव बनवलं, तिथला सुपरवायझर. तळ्याचा पंप बंद पडला म्हणून आला होता.

पंप त्याच दिवशी सुरू झाला. तरी लियाकत दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्याही.

आणि रोज नवीन गोष्ट. म्हणे, रेल्वे गावाला वळसा घालून गेली, कारण इंजिनचालकाची सासू तिथे राहायची. "गावकऱ्यांनीच रेल्वे नको म्हटलं होतं, मेंढ्या घाबरतील म्हणून," सायरा दुरुस्त करायची. तो मान डोलवायचा, "हे तर माझ्याहून भारी आहे," म्हणायचा आणि पुढच्या घोळक्याला पुन्हा सासूच सांगायचा. सायरा चिडायची. पण सहा वाजले की तिची नजर फाटकाकडे जायची... आणि तो दिसला की ती घाईघाईने बदकांकडे बघायला लागायची.

एकदा एका मावशीने त्याला विचारलं, "बेटा, शादी हुई?"

"हो, दोन वर्षं झाली," तो हिंदीत म्हणाला. "बायको गावाला असते. चिडकी आहे, पण मनाची चांगली." हे बोलताना तो सायराकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी तेच विचारलं, तर म्हणे, "छे, मला कोण मुलगी देतंय?"

सायराने त्याला चर्चच्या मागे गाठलं. "यातलं खरं काय?"

"तुम्हाला कुठलं आवडलं?"

ती तडक निघून आली. रात्रभर तिला धड रागही येईना, धड हसूही.

त्यातच कुवेतहून स्थळ आलं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर ती मंडळी येणार होती. अम्मीने नवा सलवार-कमीज शिवायला टाकला. सायरा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. म्हणणार तरी काय? ज्याच्यासाठी नाही म्हणायचं, त्याला गावाला बायको आहे की नाही, हेच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली. लोक पळाले. चर्चच्या भिंतींचा रंग ओघळायला लागला. मिसेस पामर मात्र तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसल्या.

"आता कुठे हॅम्बरीसारखं वाटतंय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "बस, डिअर. तुला सांगितलं नाही मी, पण आमचं गाव फार मुकं. दिवसातून तीनदा भेटायचं आणि हवेबद्दल बोलायचं. पूर आला, लढाईत पोरं गेली, तरी हवाच. शेजारचा आर्थर वर्षानुवर्षं माझ्या पायरीवर त्याच्या मळ्यातल्या भाजीची जुडी ठेवून जायचा. म्हणायचा, ढग आलेत. मी म्हणायचे, हो, आलेत."

"मग?"

"मग मी कंटाळून इथे नोकरी धरली. त्याने पोस्टातल्या बाईशी लग्न केलं. पुढे माझ्या बहिणीला म्हणाला, तुझ्या बहिणीला, विनिफ्रेडला, माझी भाजी आवडत नसावी."

"तुम्ही विचारलं का नाही त्याला?"

"आमच्याकडे विचारत नाहीत, डिअर." आणि त्या हसल्या. ते हसू सायराला बघवलं नाही.

लियाकत दिव्यांच्या वायरींवर प्लास्टिक झाकत होता. ती भिजतच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुमचं लग्न झालंय का?"

तो तोंड उघडून काहीतरी गमतीचं बोलणार होता. तिचा चेहरा बघितला आणि थांबला.

"नाही."

"आणि ती चिडकी बायको?"

"ते... तुमच्याकडे बघताना तोंडातून निघून गेलं."

"पंप तर पहिल्याच दिवशी सुरू झाला. मग रोज का येता?"

लियाकतने ओले हात शर्टाला पुसले. पुन्हा पुसले. "तुम्ही असता म्हणून."

"हे खरं, की ही पण गोष्टच?"

"गोष्ट असती तर नीट सांगता आली असती हो," तो म्हणाला.

एवढं स्पष्ट ऐकूनही सायराच्या डोक्यातला गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच. तिने कुवेतच्या स्थळाचं सांगून टाकलं. "गुरुवारी घरी या. अब्बांशी बोला. पण एक शब्द खोटा चालणार नाही."

"इन्शाल्ला," तो म्हणाला. या वेळी हसला नाही.

गुरुवारी तो आपल्या चाचांना घेऊन सायराच्या देऱ्यातल्या फ्लॅटवर आला आणि इतकं खरं बोलला की चाचांनी कपाळाला हात लावला. बारावीत दोनदा नापास झालो. अल क्वोजला एका खोलीत सहा जण राहतो. हर्णैच्या घरावरून भावांशी वाद चालू आहे. मला राग येत नाही, पण विसरायला फार होतं. झोपेत घोरतो, असं बाकीचे म्हणतात. चाचा कोपराने ढोसत राहिले, तो थांबेचना. स्वयंपाकघराच्या दाराआड सायराने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं, हसू बाहेर फुटू नये म्हणून... की रडू, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

थोड्या वेळाने अब्बा आत आले. गल्फमध्ये उभी हयात गेलेला, गलबतांच्या धक्क्यावर नाना माणसं पाहिलेला माणूस, पण पार गोंधळून गेला होता.

"सायरा, हा मुलगा नेहमी असाच असतो?"

तिला हो म्हणता आलं असतं. "नाही अब्बा," ती म्हणाली. "एरवी फार थापा मारतो."

"मग तू याला ओळखतेस तरी का?"

"नीट नाही." तिने मान खाली घातली, मग वर केली. "पण मला ओळखून घ्यायचंय. यालाच."

अम्मीच्या हातातला चमचा थांबला. अब्बांनी एकदा मुलीकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि कुवेतला फोन लावायला आतल्या खोलीकडे वळले. जाता जाता म्हणाले,

"त्याच्या चाचांना चहात साखर चालते का, विचारून ये बाहेर. आणि त्यालाही विचार."

सायराने डोक्यावर ओढणी सारखी केली आणि विचारायला बाहेर गेली.