आत गेलेला, बाहेर आलेला

सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करणारी माणसं सौमित्रला मंडईत वांगी दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकांसारखी वाटत. तो स्वतः दाबून बघत नसे. गणिताने सिद्ध करी. मोहालीच्या एका खाजगी हॉस्पिटलात नोंदणी, रक्ततपासणी, औषधं, विमा आणि डिस्चार्ज या पाच सॉफ्टवेअर सेवा भांडकुदळ जावांसारख्या नांदत होत्या. त्याने त्यांना एका साखळीत ओवलं आणि सिद्धता हातात ठेवली: एक रुग्ण आत गेला की एक रुग्ण बाहेर पडणारच. मध्ये कुणी अडकणार नाही.

भार्गवीने, म्हणजे त्याच्याच हुद्द्याच्या सोलापूरच्या सहकारिणीने, ती वाचली. "आत गेला तोच बाहेर आला, हे कुठे लिहिलंयस?"

"पीएचडी कुठून आणलीस गं? बावीस सेक्टरच्या फुटपाथवरच्या सेलमधून?"

"हस तू. पण ती ओळ नाहीये."

"उघड गोष्टी लिहून काढायला मी काय कारकून आहे?"

पुढे पावसाळ्यात सौमित्रलाच डेंग्यू झाला. स्वतःच्या साखळीतून तो स्वतः गेला आणि रांगेत उभं न राहता बाहेर पडला. वजन तेवढं उतरलं होतं.

बातमी कळताच सांगलीहून आई निघाली. सेक्टर ४३च्या बस अड्ड्यावर तो नमस्काराला वाकला, तशी सुनंदाबाईंनी पावलं मागे घेतली.

"कसे आहात?" त्यांनी विचारलं.

प्रवासाचा शीण, दुसरं काय!

सकाळी त्यांनी पोहे केले. सौमित्रने बशी चाटूनपुसून संपवली, कढीपत्त्यासकट. लहानपणी शाळेच्या डब्यातली ती पानं तो झाकणाला आतून ओळीने चिकटवून घरी आणायचा आणि धपाटे खायचा. आईचा झारा हवेतच थांबला.

"आवडतो तुम्हाला?"

"आई, हे अहो-जाहो काय लावलंयस?"

"परक्या माणसाला अरे-तुरे करू?" असं म्हणून त्या ओटा पुसू लागल्या.

त्या दिवसापासून दुपारी डबा भरून, रिक्षा करून त्या हॉस्पिटलात जाऊ लागल्या. माझा सौमित्र आत आहे, म्हणत. अशा आया नेमक्या शिकलेल्या माणसाच्याच डोक्यावर येऊन बसतात, असं सौमित्रचं मत झालं. त्याने डिस्चार्जचा कागद पुढे नाचवला.

आईने चष्मा लावून तो वाचला, नीट घडी घालून परत दिला. "हे तुमचं झालं. त्याचं कुठाय?"

त्याने हॉस्पिटलात फोन लावला. "वो वॉर्ड तो बंद है जी, मरम्मत चल रही है," सिस्टर म्हणाली. "माताजी दरवाज़े पे बैठते हैं. डब्बा ख़ाली करके ले जाते हैं."

म्हणजे कुत्र्यांना घालत असणार. सौमित्र खुशाल हसला.

तरीही भार्गवीचं तोंड बंद करायला म्हणून त्याने एकदा ती ओळ लिहिली: आत गेला तोच बाहेर यावा. सिद्ध होत नाही, असं सिद्धता तपासणारं यंत्र म्हणालं. नियम जिथे मोडतो, तिथलं एक उदाहरण दाखवायची त्याला सवय असते. उदाहरण डेंग्यूचं होतं. नाव सौमित्रचं होतं.

"भिकार डेटा," तो म्हणाला आणि ओळ खोडली.

सिद्ध झालं.

घरी आला तेव्हा आई देवापाशी वात लावत होती. तिने वळून पाहिलं नाही. कधीतरी नुसतं 'अरे' म्हणेल, म्हणून तो दारात जरा रेंगाळला.

ती म्हणाली नाही.

ओट्यावर डबा होता. घासायचा राहिलेला.

त्याने झाकण उघडलं.

आतून कढीपत्त्याची पानं चिकटवली होती. ओळीने. अजून ओली.

सौमित्रने त्यातलं एक नखाने सोडवलं, तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

छान लागलं.