कामाला आलेली बाई

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली, तरी आपला पत्ता लिहिताना पंचाक्षरी अजून ‘जिल्हा लातूर’ ठसठशीत अक्षरात लिहायचा. कचेरीतला अव्वल कारकून म्हणजे काही लहान माणूस नव्हे, निदान त्याला तरी तसं वाटायचं. दुष्काळामुळे घरचा नळ चौथ्या दिवशी यायचा. तरी सुट्टी पाहून तो बायकोला, दानम्माला, नांदेड दाखवायला घेऊन आला.

नांदेड त्याच्या कॉलेजचं गाव. गुरुद्वाऱ्याचा घुमट झाला, चौकातलं काचांचं नवं लॉज झालं. मग जुन्या गल्ल्यांतून दोघं नदीवर उतरली. गोदावरी आटून एका पट्ट्यापुरती उरली होती. नावा चिखलात कलंडल्या होत्या. वर सिमेंटच्या पुलावरून एसट्या जात होत्या, आणि खाली घाटाच्या एरवी न दिसणाऱ्या काळ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. एवढ्या उन्हातही त्यातली शेवटची पायरी ओली होती.

तिथे निळ्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी बसली होती. ही दोघं जवळ येताच ती उठली आणि मान खाली घालूनच तिने दानम्माच्या हातातली पिशवी घेतली.

“राहू द्या की,” दानम्मा म्हणाली. “कुठल्या तुमी?”

“यांच्याकडं कामाला हाय मी,” बाई म्हणाली.

पंचाक्षरीने तो आवाज तेरा वर्षांनी ऐकला.

बहात्तरच्या दुष्काळात त्याची आई गुरम्मा खडी फोडण्याच्या कामावरून भाकरी घेऊन त्याला भेटायला आली होती. लोह्यापर्यंत ट्रकने, पुढे चालत. हातांना चिंध्या बांधलेल्या. तो राहायचा त्या लिंगायत समाजाच्या बोर्डिंगच्या दारात उदगीरच्या पेढीवाल्यांचा महादेवप्पा उभा होता.

“गळ्यात लिंग दिसायलंय. कोण रे तुझी?” त्याने विचारलं.

“आमच्यातलीच हाय. आमच्याकडं कामाला,” पंचाक्षरी म्हणाला होता.

आई म्हटलं असतं तर आत पाट मिळाला असता, पूजेला पाणी मिळालं असतं. हातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. पण कामाच्या बाईला पाट कोण मांडणार? गाठोडं पायरीवर ठेवून ती तशीच तहानलेली परतली आणि लोह्याच्या रस्त्यावर उन्हाने गेली. समाधीत तिला बसवून पुरताना तळहातावर लिंग त्यानेच ठेवलं होतं. ते बोलणं आठवलं की त्याला स्वतःच्या तोंडाची किळस यायची. दानम्माला त्याने ते कधीच सांगितलं नव्हतं.

“अहो, वळखता का हिला?” दानम्माने विचारलं.

पिशवी धरलेल्या हाताला चिंध्या होत्या. एक शब्द बोलायचा होता, फक्त एक.

“असंल कुणीतरी,” तो म्हणाला. “चल, गाडी चुकंल.”

“बरं मालक,” बाई म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली.

अहमदपूर मागे पडेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला. “बिचारीला पाणी तरी इचारायचं होतं,” दानम्मा एकदा म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवेलागणीला त्यांनी घराचं कुलूप उघडलं. आत फरशी पुसलेली होती. भांडी घासलेली होती. नळाचा दिवस नव्हता, तरी हंडे काठोकाठ भरलेले होते.

“किल्ली तर माझ्यापाशी हाय,” दानम्मा हळूच म्हणाली.

मग पंचाक्षरीने सगळं सांगितलं. बोर्डिंगचं दार, महादेवप्पा, गाठोडं, सगळं. दानम्मा ऐकत राहिली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

“माय होती तुमची,” ती एवढंच बोलली.

त्याने स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरात पाट मांडला. पुढे विभूती ठेवली. हंड्यातून तांब्या भरून घेतला. मागचं दार उघडलं.

“आई,” तो म्हणाला. “आत ये. पूजा कर.”

कुणी आलं नाही. दोघं तशीच बसून राहिली.

सकाळी पाट घासून भिंतीला उभा केलेला होता.

तांब्या धुऊन उपडा घातला होता. त्यातलं पाणी हंड्यात परत ओतलेलं होतं. हंडा पुन्हा काठोकाठ होता.

मागच्या दाराबाहेर, कामाची बाई टेकते त्या जागी, फरशी ओली होती.